दगडाचा बैल करणारे वय

तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी सकाळचे चार तास काय करावे, हा प्रश्न आपल्याकडे शिक्षण खात्याचा किंवा महिला व बालविकास खात्याचा समजला जातो आणि गावातली जाणती माणसे त्यात फारसे लक्ष घालत नाहीत. मला तो कलेचा आणि साहित्याचाही प्रश्न वाटतो. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत कविता लिहिणारे शिक्षक आहेत, दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, उभे राहणारे शेतकरी आहेत, पोळ्याला झडत्या, म्हणजे मोठ्याने म्हणायच्या यमकी ओळी, रचणारे गडी आहेत. या सगळ्यांना नवे काही सुचावे लागते, आणि सुचण्याची क्रिया जिथे रोज उघड्यावर, कुणाच्याही डोळ्यांदेखत चालते, अशी गावातली जागा म्हणजे लहान मुलांचा खेळ. तिथे जाऊन बसण्याची सवय आपल्याला कधी नव्हतीच. आता तर ती जागाच आपण आवळत आणली आहे.

तालुक्याच्या गावाभोवती पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत आज सकाळी पिवळी गाडी फिरते आणि साडेतीन वर्षांची पोरे गळ्यात पाण्याची बाटली अडकवून तिच्यात बसतात. आपल्या भागात इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात, मग ती दोन खोल्यांत भरणारी का असेना. तिथून आलेल्या मुलाला संध्याकाळी चौकटीच्या वहीत एकाच अक्षराच्या ओळी भरायच्या असतात, आणि दिवसभर शेतात निंदण करून आलेली आई त्याच्या शेजारी बसून त्या भरून घेते. ज्यांना फी झेपत नाही त्यांची मुले अंगणवाडीत जातात. पण त्यांच्या आयाही आता सेविकेला विचारतात, ‘बाई, आमचं पोरगं लिहाले कवा लागन?’ सेविकेला या प्रश्नापुढे मान तुकवावी लागते. ती पाटीवर अक्षर काढून देते आणि मुले ते गिरवत बसतात. मनगटाची हाडे आणि बोटांचे बारीक स्नायू या वयात पुरते तयार झालेले नसतात, त्यामुळे पेन्सिल मुठीत धरली जाते, कागद फाटतो आणि मूल नापास नसतानाही नापास ठरते.

कागदोपत्री धोरण याच्या उलट आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एक पायाभूत टप्पा मानला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या टप्प्यासाठी आलेल्या राष्ट्रीय आराखड्याने खेळ, गोष्टी, गाणी आणि वस्तू हाताळणे हाच शिक्षणाचा मार्ग सांगितला. म्हणजे सरकारने गिरवायला सांगितले म्हणून मुले गिरवत आहेत, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. घाई आपली आहे.

मुलाच्या कल्पनेचे कौतुक करणारे पुष्कळ लोक भेटतात. पण त्यांच्या बोलण्यात बहुधा एक गृहीत धरलेले असते, की मूल जगापासून वेगळ्या अशा कोणत्यातरी स्वप्नात असते आणि ते स्वप्न गोड असते. माझा अनुभव तसा नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अंगणवाडीत चैत्राच्या दिवसांत एक चार-साडेचार वर्षांची मुलगी पाटीवर विहीर काढत होती. तिने वर एक वाटोळे काढले, त्याच्या काठाशी एक बाई काढली आणि बाईच्या हातातून दोर खाली सोडला. दोर पाटीच्या लाकडी चौकटीपर्यंत आला. ती क्षणभर थांबली, मग चौकट ओलांडून तिने तोच दोर खडूने फरशीवर आणला, बसल्या जागेवरून हात पुरेल तिथवर नेला, तेवढ्याने भागेना म्हणून सरकून पुढे गेली, आणि भिंतीजवळ पोचल्यावर त्याच्या टोकाला एक लहानशी बादली काढली. सेविकेने विचारले, एवढा लांब काय काढला? मुलगी म्हणाली, ‘पाणी लय खाली गेलं.’

या चित्रात कल्पना किती आणि माहिती किती, हे वेगळे करून दाखवता येणार नाही. पाणी खोल गेले आहे ही गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट आहे. पण ती दाखवायला पाटी अपुरी आहे, आणि पाटी अपुरी असेल तर तिची चौकट ओलांडता येते, हे फक्त त्या मुलीला सुचले. आकाराचा निर्णय विषयाने घ्यायचा असतो, हे तत्त्व चित्रकलेच्या विद्यार्थ्याला शिकवायला बराच काळ लागतो. युरोपातल्या चित्रकारांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुलांची चित्रे गंभीरपणे पाहायला सुरुवात केली. म्युनिकच्या ‘ब्लाउए रायटर’ गटाने १९१२ मध्ये काढलेल्या वार्षिकात मोठ्या चित्रकारांच्या कामाच्या बरोबरीने मुलांची चित्रे छापली होती. त्यांना जे शोधत जावे लागले ते आपल्या अंगणवाडीच्या फरशीवर रोज उमटते आणि दुपारी पोछा मारताना पुसले जाते.

दुसरे उदाहरण खेळाचे आहे आणि ते मला चित्रापेक्षाही महत्त्वाचे वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कापसाच्या हंगामात मुले ‘काटा’ खेळतात. वाळक्या पानांचा ढीग हा कापूस, कडुलिंबाच्या फांदीला अडकवलेली चप्पल हा काटा. व्यापारी झालेला मुलगा ढिगात हात घालतो, मूठभर पाने उचलतो, अंगठ्याने दाबतो, तोंड वाकडे करतो आणि म्हणतो, ‘ओला हाय. कवडी बी लय हाय. परत न्या.’ (कवडी म्हणजे किडका, खराब कापूस.) समोरची मुलगी विनवते, ‘घ्या न भाऊ, पोराची फी भराची हाय.’ भाव पडतो, सौदा होतो. सरकारी खरेदीत ८ ते १२ टक्के ओलावा चालतो आणि त्याच्या वर गेला की कापूस परत येतो, हे मोठ्यांचे गणित झाले. मुलांना यातला आकडा ठाऊक नसतो, पण मूठ दाबणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचा ताबा त्यांनी नेमका उचललेला असतो. थोड्या वेळाने मुलगी म्हणते, ‘आता मी शेठ.’ ती शेठ होते आणि तीही मूठ दाबते, तीही पळसाची पाने मोजून नोटा म्हणून पुढे करते, त्यातली निम्मी परत घेते आणि सांगते, ‘चुकारा उद्या. आज पैसे नाही आले.’ चुकारा म्हणजे मालाचे पैसे.

ही जागा बदलण्याची शक्ती मला विलक्षण वाटते. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या दुःखावर गेली पंचवीस-तीस वर्षे आपण खूप लिहिले. कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, एकांकिका केल्या, आणि त्यातले काही चांगले आहे. पण त्यातले बरेचसे एकाच बाजूने बोलते. शेतकरी तिथे सतत सोसत असतो. व्यापारी, सावकार, बँकेचा माणूस, तलाठी हे काळ्या रंगात रंगवून कोपऱ्यात उभे केलेले असतात. त्यांच्या अंगात शिरून, त्यांच्या तोंडाने खरे वाटेल असे एक वाक्य बोलून दाखवावे, असे लिहिणाऱ्याला वाटत नाही, कारण तसे केले तर आपण शेतकऱ्याशी बेइमानी केली असे होईल, ही भीती असते. पाच वर्षांच्या मुलीला ती भीती नाही. ज्याने बापाचा कापूस परत पाठवला त्याच्या जागी ती बसून पाहते, आणि तिथे बसल्यामुळे तिला बापाचे अपमानित होणे अधिक कळते, कमी कळत नाही. आपल्या लिहिणाऱ्यांनी मुलांकडून काही घ्यायचे असेल तर ते हे आहे. मुलांची बोबडी वाक्ये कवितेत पेरणे आणि त्यांच्या निरागसतेवर उसासे टाकणे याला प्रेरणा म्हणता येत नाही.

पूर्व विदर्भातल्या लोकरंगभूमीने ही गोष्ट कधीच ओळखलेली होती. दंडारीत आणि खडी गंमत या लोकनाट्यात नट एक फेरी मारतो आणि दुसऱ्या गावाला पोचतो. कुणी त्याला नदी कुठे आहे असे विचारत नाही, कारण ‘आता ही नदी’ असे तो म्हणाला आणि बघणाऱ्याने मान डोलावली, एवढ्यावर करार झालेला असतो. संवादही पुष्कळदा जागच्या जागी जुळवलेले असतात. मुलांच्या खेळातला करार हाच आहे. झाडीपट्टीच्या, म्हणजे याच पूर्व विदर्भाच्या, नाटकांना आज दिवाळीनंतर होळीपर्यंत भरगच्च हंगाम मिळतो, वडसा-देसाईगंजला मंडळांची कार्यालये आहेत, आणि २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या भागाला योग्य असा आनंद झाला. पण पडदे, दिवे आणि ध्वनियंत्रणा वाढत गेली तसा तो जुना करार सैल होत गेला, असे माझे मत आहे. एखाद्या मंडळाने तालमीला बसण्यापूर्वी मुलांचा काट्याचा खेळ पाहून यावा, असे मी अगदी मनापासून सुचवतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कल्पना मुलाच्या डोक्यात आपोआप उगवते आणि आपण आड आलो नाही की पुरे, हा समज चुकीचा आहे. कल्पनेला वस्तू लागते, आणि ती वस्तू अशी असावी लागते की जिचे काहीही करता येईल. पश्चिम विदर्भात एके काळी घरोघर खरिपाची ज्वारी असे. कणसे खुडून झाली की कडबा उभा राही आणि त्यातला एखादा जाड धांडा, म्हणजे ज्वारीचे ताट, मुले हक्काने ओढून घेत. धांड्याची साल सोलायची, सालीच्या बारीक काड्या करायच्या, आतल्या पांढऱ्या मऊ गाभ्याचे तुकडे पाडायचे आणि काड्या टोचून ते जोडत जायचे. दोन चाके, मध्ये आख, पुढे धुरा, धुऱ्यावर जू आणि कडेला उभाऱ्या, अशी सगळी बंडी, म्हणजे बैलगाडी, त्यातून उभी राही. गाभ्यात काडी जास्त खोल गेली की तुकडा फाटतो, कमी गेली की चाक निखळते. सालीची धार बोटाला लागली की रक्त येते. सात-आठ वर्षांचा भाऊ बंडी करी आणि चार वर्षांचे धाकटे तिच्यात खडे भरून बाजाराला जाई. खडे कधी कापूस असत, कधी पाहुणे.

गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. त्याला कारणे आहेत आणि ती खोटी नाहीत. ज्वारीला पाखरे राखावी लागतात, रानडुकरे आणि रोही (नीलगायी) रातोरात पीक लोळवतात, कणसात दाणा भरला असताना पाऊस आला की दाणा काळा पडतो, खुडणीला माणूस मिळत नाही आणि एवढे करून भाव नाही. त्यामुळे शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. पण सोयाबीन मळणीयंत्रातून गेले की मागे कुटार, म्हणजे भुसा, उरते, आणि कुटाराची बंडी होत नाही. पीक बदलले तेव्हा जनावरांच्या वैरणीची चर्चा झाली, घरच्या भाकरीची झाली, जमिनीच्या कसाची झाली. मुलांच्या हातातून एक वस्तू गेली, याची नोंद कुणी केली नाही. त्या रिकाम्या हातात आता फोन आहे. फोनविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, मी त्यात भर घालत नाही. एवढेच म्हणतो की फोन हिसकावून घेणाऱ्याने आधी त्या हातात काय देणार ते ठरवावे.

तान्हा पोळा हा आपल्या भागातला असा सण आहे की जो मुळातच मुलाच्या कल्पनेवर उभा आहे. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी तोरणाखाली उभे राहिले, आता मुलांनी आपले बैल आणावेत आणि घरोघर बोजारा, म्हणजे बैलामागची ओवाळणी, मागावा. ज्याला लाकडी नंदी नसे तो काळ्या मातीचा बैल करी, त्याच्या शिंगांना बेगड लावी, आणि तो बैल खरा आहे असे सगळे गाव त्या संध्याकाळपुरते मान्य करी. मुले झडत्याही म्हणत, त्यात गुरुजींची आणि सरपंचाची नावे गुंफत. सबंध गावाने लहान मुलाच्या ‘मानू या’ला मान द्यावा असा हा सण आहे. आज अनेक गावांत त्याची स्पर्धा झाली आहे. मोठा, चाकांवरचा, पॉलिश केलेला नंदी विकत आणला जातो, मुलाला भाड्याचा पोशाख चढवला जातो, आणि परीक्षक सजावटीला गुण देतात. सजावट आईबापांनी केलेली असते, मूल दोरी धरून उन्हात उभे असते. बक्षीस कुणाच्या खिशाला मिळाले ते सगळ्यांना कळते. आयोजकांचा हेतू वाईट नाही, मुलांना प्रोत्साहन द्यावे असेच त्यांना वाटते. पण मूल ज्या कामाचा कर्ता होते त्या कामातून ते बाहेर गेले आहे. भुलाबाईचे, म्हणजे मुलींच्या गाण्यांच्या सणाचे, दिवस या बाबतीत अजून बरे आहेत. गाणी झाल्यावर डब्यातली खिरापत न दाखवता ओळखायला लावायची, डबा हलवून आवाज ऐकवायचा, गोड की तिखट एवढेच सांगायचे, हा खेळ जिथे टिकून आहे तिथे मुलींच्या बुद्धीला अजून जागा आहे.

या सगळ्याचा विचार महाराष्ट्रात पूर्वी झालेला आहे, आणि तो फार चांगला झालेला आहे. ज्यांचे सासर अमरावतीचे होते त्या ताराबाई मोडक यांनी गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले आणि पुढे १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डीत खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि महागड्या साधनांच्या जागी बिया, पाने, खडे, शिंपले वापरले. नंतर कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या उघडल्या. पण त्या अंगणातले खडे आणि बिया वाटेत कुठेतरी राहून गेल्या. आपल्या विदर्भाचा वाटाही यात आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेतून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची गांधीजींची शिक्षणपद्धती, उभी राहिली, आणि १९४५ नंतर सेवाग्रामात सात वर्षांखालच्या मुलांचाही विचार तिच्यात आला. हात आधी आणि अक्षर मागून, हा क्रम ज्या मातीत मांडला गेला तिथेच आज तीन वर्षांच्या मुलाला चौकटीची वही दिली जाते, हे मला दुःखाचे वाटते.

गिजुभाई आणि इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मॉन्टेसरी यांच्यातला एक भेद इथे उपयोगी पडतो. मारिया मॉन्टेसरी १९३९ साली भारतात आल्या, पण त्यांची पद्धत त्यापूर्वीच गिजुभाईंनी स्वीकारलेली होती. मॉन्टेसरीबाई परीकथांकडे साशंकतेने पाहत. लहान मुलाला खऱ्या वस्तूंचे जग हवे असते, मोठ्यांनी रचलेली अद्‌भुतता त्याच्यावर लादू नये, असे त्यांना वाटे. गिजुभाईंनी मात्र गोष्टीला बालमंदिराच्या मध्यभागी बसवले. मी गिजुभाईंच्या बाजूचा आहे. तरी मॉन्टेसरीबाईंच्या आग्रहात एक खरे आहे, आणि धांड्याची बंडी त्याला साक्ष आहे: खऱ्या वस्तूशी झटापट केल्याशिवाय कल्पनेला हातपाय फुटत नाहीत.

आता पालकांच्या म्हणण्याकडे येतो, कारण तेच सगळ्यात जड आहे. दोन-तीन एकर कोरडवाहू शेती असलेला बाप म्हणतो, कल्पना आणि खेळ हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. माझ्या पोराला इंग्रजी वाचता आले नाही तर ते माझ्यासारखेच मातीत राहील. या भीतीला हसणारा माणूस निर्दय म्हणावा लागेल. पण त्याला एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती त्याच्याच हिताची आहे. दगड हा बैल आहे असे मूल म्हणते, तेव्हा एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी उभी राहू शकते हे ते शिकत असते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३३ सालच्या एका व्याख्यानात हेच मांडले होते, की काठीचा घोडा करताना मूल अर्थाला वस्तूपासून सोडवून घेते. अक्षरही तेच असते. कागदावरची एक वेलांटी एका आवाजाच्या जागी उभी असते. ज्या मुलाने पुरेसे दगडांचे बैल केले, पुरेशा गोष्टी ऐकल्या आणि पुरेसे बडबडले, त्याला सहाव्या वर्षी अक्षर भेटते तेव्हा ते परके वाटत नाही. ज्याने तीन वर्षे फक्त वळण गिरवले त्याच्या हातात वळण येते, पण त्या वळणाने काही सांगता येते, ही गोष्ट त्याला कुणी दाखवलेली नसते. तेव्हा बापाला जे हवे आहे, म्हणजे वाचणारे पोर, त्याची वाट अंगणातूनच जाते.

भाषेचा मुद्दाही याला जोडूनच आहे. मेळघाटातले मूल कोरकूत कल्पना करते, भामरागडचे माडिया किंवा गोंडीत, अकोल्याकडचे वऱ्हाडीत. सेविका बहुधा त्याच गावची असते, त्याच बोलीत हसते आणि रागावते. ही अंगणवाडीची फार मोठी ताकद आहे. ‘बैल दमले, त्यायले पाणी पाजतो’ असे म्हणणाऱ्या पोराला ‘त्यांना म्हण’ असे मध्येच टोकले की त्याचे बैल तहानलेलेच राहतात. प्रमाण मराठी शिकायला पुढे सबंध शाळा पडली आहे, आणि ती शिकलीच पाहिजे. पण चौथ्या वर्षी, खेळाच्या ऐन मध्यात, तिची घाई करू नये.

मात्र सेविकेकडून हे सगळे मागताना तिच्याकडे आधीच काय काय आहे तेही पाहावे. वजने, उंच्या, घरी न्यायच्या आहाराचे वाटप, लसीकरणाच्या दिवशी मुले गोळा करणे, गरोदर बायांच्या घरी भेटी, रजिस्टरे, आणि हे सारे पुन्हा ‘पोषण ट्रॅकर’ या फोनवरच्या सरकारी ॲपमध्ये भरणे. गावात रेंज नसेल तर त्यासाठी टेकाडावर जाऊन उभे राहणे. शिवाय कोणताही सर्व्हे आला की तिचेच नाव पुढे येते. तिला सरकारी नोकर न मानता मानधनावर ठेवले आहे, आणि पोषण व शिक्षण या दोन्ही जबाबदाऱ्या तिच्या एकटीच्या खांद्यावर आहेत. मुलांपाशी मोकळ्या मनाने बसायला तिला दिवसाचे दोन तास सलग मिळाले पाहिजेत, त्या वेळात तिच्याकडे दुसरे काम मागू नये, ही मागणी सेविकांच्या संघटनांनी आणि लेखक-कलावंतांनी मिळून करावी. साहित्य संमेलनांत एवढे ठराव होतात, त्यांत हा एक का असू नये, हे मला कळत नाही.

गावाला स्वतःच्या पातळीवर करता येण्यासारखेही पुष्कळ आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा, असा नियम आहे. हा पैसा बहुधा खुर्च्यांवर आणि भिंतीवरच्या रंगीत चित्रांवर जातो. सफरचंद, झेब्रा, इग्लू. त्याऐवजी अंगणवाडीच्या आवारात सावलीला एक ट्रॉली काळी माती आणि एक ट्रॉली रेती टाकावी, पाण्याची एक टाकी ठेवावी, पऱ्हाट्या आणि तुराट्या (कपाशीच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या), चिंचोके, नारळाच्या करवंट्या, जुन्या साड्यांच्या चिंध्या यांची एक पेटी करावी. कुणाच्या शेताच्या बांधावर ज्वारीच्या दोन ओळी पेरता आल्या तर धांडेही मिळतील. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवावे आणि त्याचे मानधन द्यावे. फुकटात बोलावले की त्या कामाची किंमत उरत नाही. तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धेत मुलाने स्वतःच्या हाताने केलेल्या बैलालाच बक्षीस ठेवावे, मग त्याला तीन पाय असले तरी चालतील.

लिहिणाऱ्यांनी आणि नाटकवाल्यांनी त्या मातीशेजारी जाऊन बसावे. फोन काढून पोरांना ‘पुन्हा म्हण, पुन्हा म्हण’ करू नये, कारण दुसऱ्यांदा म्हटलेले वाक्य त्या मुलाचे राहत नाही. ऐकावे, आणि सेविकेच्या परवानगीने मुलांचे खेळ आणि गोष्टी त्यांच्याच बोलीत, न सुधारता, एका वहीत उतरवाव्यात. ती वही अंगणवाडीतच ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांना त्यातले वाचून दाखवता येईल. हे सगळे करायला ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि विषयपत्रिकेवर विषय यावा म्हणून आधी सरपंचांच्या नावे अर्ज द्यावा लागतो. तो अर्ज गावातल्या कवीने लिहावा, खर्चाच्या आकड्यांसह, आणि सभेच्या दिवशी स्वतः हजर राहावे.